साडेचारची शिफ्ट

"तुम्हाला लवकर उठायची सवय आहे ना?" मुलाखतीत हा एकच प्रश्न मला सोपा वाटला होता. मी लगेच "हो" म्हणाले. मी रोज सहाला उठत होते आणि माझ्या लेखी तेच लवकर उठणं होतं. नोकरी कंटेंट रायटरची होती, घरून करायची. वेळ पहाटे साडेचार ते दुपारी साडेबारा.

ही वेळ मी स्वतःहून निवडली. मुलगी दुपारी दोनला शाळेतून येते. आधीच्या नोकरीत ती घरी यायची तेव्हा मी मीटिंगमध्ये असायचे आणि मी मोकळी व्हायचे तेव्हा ती पेंगुळलेली असायची. साडेबाराला काम संपलं की अख्खी दुपार आमची, असा हिशेब मी मांडला. हिशेब चोख होता, त्यात फक्त संध्याकाळ धरायची राहून गेली. दोन वर्षं चार महिने हे काम केल्यावर मला सांगायचंय ते मुख्यतः त्या संध्याकाळीबद्दलच.

एक गोष्ट कंपनीने फार चांगली केली. लेखनाची चाचणी पहाटे पाचला घेतली. दीड तास, दोन मजकूर, दोन्हींचे विषय त्याच वेळी कळवलेले. असं काम घेणाऱ्या कुणीही ही चाचणी स्वतःहून मागून घ्यावी. दुपारी तीनला लिहिलेल्या नमुन्यावरून पहाटेच्या कामाचा अंदाज ना घेणाऱ्याला येतो ना देणाऱ्याला.

कामाची रीत अशी. साडेचारला लॉगिन केलं की आधी मराठी ईमेल बातमीपत्र. रात्रभर साचलेल्या इंग्रजी मजकुरातून सहा नोंदी निवडायच्या, प्रत्येक साठ-सत्तर शब्दांत बसवायची, विषयओळ मोबाइलच्या पडद्यावर मध्येच तुटणार नाही एवढी आखूड ठेवायची आणि पावणेसहाला सगळं डेस्कप्रमुखांकडे द्यायचं. बरोबर सहाला ते वाचकांच्या इनबॉक्समध्ये जातं. मग न्यूयॉर्कच्या एका ग्राहकासाठी इंग्रजीत उत्पादनांची वर्णनं. आठ-सव्वाआठनंतर मोठा लेख: ब्रीफ, म्हणजे ग्राहकाची लेखी मागणी, वाचा, कीवर्ड (लोक नेटवर शोधताना टाइप करतात ते शब्द) बघा, उपशीर्षकं पाडा, लिहा, शोधाच्या निकालात लेखाच्या नावाखाली दिसणारं दीडशे-एक अक्षरांचं मेटा डिस्क्रिप्शन जोडा. कुठेही माझं नाव नसतं. त्याची मला कधी रुखरुख लागली नाही. मजकूर नेटका झाला की त्या दिवसापुरतं समाधान मिळतं आणि ते खरं असतं.

पहिले तीन आठवडे मात्र फार जड गेले. गजर साडेतीनचा. उठायला त्रास होईल हे गृहीतच धरलं होतं. उठल्यावर डोकं जागं व्हायला किती वेळ लागतो, याची कल्पना नव्हती. डोळे उघडे, बोटं कीबोर्डवर, आणि ओळ वाचली तरी आत काही पोचत नाही. झोपेचे अभ्यासक याला झोपेची जडता म्हणतात. साधारणपणे ती पंधरा मिनिटं ते तासभर टिकते. त्यात सहा-सातला उठणाऱ्या माणसाच्या शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमाराला दिवसभरातलं सगळ्यात खाली असतं आणि रक्तात मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला कळवणारं संप्रेरक, अजून भरपूर असतं. म्हणजे शरीराच्या हिशेबाने तेव्हा मध्यरात्रच चालू असते. हे कळल्यावर मी साडेचारला लॉगिन करण्याआधीचा एक तास कुठल्याही सबबीवर कापू दिला नाही. तोंड धुणं, घरभर चालणं, मोठा दिवा लावणं, आदल्या दिवशीचा एखादा परिच्छेद मोठ्याने वाचणं. जीभ वळायला लागली की डोकं वळायला लागलंय, हे माझं मोजमाप.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात मग सूर लागला. ते दिवस मला आजही लख्ख आठवतात.

श्रवणयंत्राचं वर्णन लिहायचं होतं, मराठीत. आदल्या दिवशी दुपारी मी खर्डा केला होता आणि तो विशेषणांनी गच्च भरला होता: अत्याधुनिक, सुस्पष्ट, नैसर्गिक. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच मजकूर समोर घेतला. घर निवांत होतं. वर पंखा फिरत होता, आतल्या खोलीत नवऱ्याने झोपेत काहीतरी पुटपुटलं. पंख्याची घरघर इतका वेळ चालू होती आणि पुटपुटणं ऐकू आलं त्या क्षणी ती माझ्या कानांनी बाजूला सारली, हे माझ्या लक्षात आलं. मी सगळी विशेषणं काढली आणि लिहिलं, "समोरचा बोलू लागला की त्याचा आवाज पुढे येतो आणि पंख्याची घरघर मागे राहते." ब्रीफमध्ये त्या यंत्राचं नेमकं हेच वैशिष्ट्य होतं. बोलण्याच्या दिशेचा आवाज उचलायचा आणि सततचा एकसुरी आवाज दाबायचा. दुपारी मला ते वाचून कळलं होतं, पहाटे ते ऐकू आलं. ग्राहकाने एक शब्दही न बदलता वाक्य ठेवलं.

पहाटेचं मला मिळालेलं सगळ्यात मोठं देणं हेच. फोन वाजत नाही, मेसेज येत नाहीत, दाराची बेल वाजत नाही. "जरा दोन मिनिटं बोलू या का" असं कुणी विचारत नाही. लिहिताना वाक्याचा पुढचा भाग मनात धरून ठेवावा लागतो आणि दिवसा तो भाग दर दहा मिनिटांनी कुणीतरी हातातून काढून घेतं. साडेपाच ते साडेसात या दोन तासांत माझं जेवढं लिहून होतं, तेवढं आधीच्या ऑफिसात उभ्या दिवसात होत नव्हतं. खिडकीबाहेर झुंजूमुंजू होत असताना मजकुराचा शेवटचा परिच्छेद जागेवर बसतो, तेव्हा दिवसाच्या आधीच काहीतरी कमावल्यासारखं वाटतं.

पण साडेपाचनंतर. साडेचार ते साडेपाच हा तास वेगळा आहे, आणि त्यानेच माझी मोठी चूक घडवली.

आठव्या महिन्यातली गोष्ट. बातमीपत्रातली तिसरी नोंद, एका देशातल्या स्थलांतरितांबद्दलची. मूळ मजकुरात आकडा 25 मिलियन. मिलियन म्हणजे दहा लाख, हे मला झोपेतही सांगता येईल असं मी समजत होते. 25 मिलियन म्हणजे अडीच कोटी. मी लिहिलं 25 लाख. दहापटीने कमी. वाचताना काहीच खटकलं नाही. आकडा तोच, 25, समोर दिसत होता आणि अर्धवट जाग्या डोक्याला तेवढं जुळणं पुरलं. त्या दिवशी डेस्कप्रमुख मॅडम रजेवर होत्या, बदली संपादकांनी शुद्धलेखन पाहिलं आणि सहाला बातमीपत्र गेलं.

वेबसाइटवरचा मजकूर चुकला तर दुरुस्त करता येतो, खाली तशी टीप देता येते. ईमेल एकदा गेलं की गेलं. साडेसहाला पहिल्या वाचकाचं उत्तर आलं. एका निवृत्त शिक्षकांचं होतं, शांत आणि सभ्य: "आकडा पुन्हा तपासावा, ही विनंती." मी पाहिलं आणि हातपाय गार पडले. दुसऱ्या दिवशीच्या बातमीपत्रात सगळ्यात वर खुलासा छापला. तो मीच लिहिला, आणि लिहायला मागितलाही मीच. त्या शिक्षकांनाही स्वतंत्र उत्तर लिहिलं.

तेव्हापासून साडेपाचच्या आधी मी आकड्याचं रूपांतर करत नाही. नोंद लिहिताना मूळ आकडा मूळ एककातच ठेवते, त्याला पिवळा रंग देते आणि साडेपाचला सगळे पिवळे आकडे एकदम घेते, कागदावर शून्यं मांडून. मिलियन असेल तर सहा शून्यं, बिलियन असेल तर नऊ, आणि मग उजवीकडून आधी तीन, पुढे दोन-दोन असे स्वल्पविराम. लहान मुलाने करावं तसं. त्यानंतर आकड्याची चूक माझ्या हातून बाहेर गेलेली नाही. माणसांची नावं, तारखा आणि "पहिला", "सर्वात मोठा" असे दावे हेही मी त्याच पंधरा मिनिटांत तपासते. विषयओळ सगळ्यात शेवटी. पहाटे सुचलेली विषयओळ लिहिताना भन्नाट वाटते, आणि तासाभराने वाचली की तिचा अर्थच लागत नाही.

गेल्या वर्षभरात या तासाला आणखी एक धोका जडलाय. आता कित्येक खर्डे यंत्राने तयार केलेले येतात आणि आमच्याकडे ते तपासून माणसाळवायचं काम असतं. त्यांची वाक्यं गुळगुळीत असतात. पहाटे पावणेपाचला गुळगुळीत वाक्याशी वाद घालायची ताकद अंगात नसते, मान आपोआप डोलते. एकदा अशाच एका खर्ड्यात अस्तित्वातच नसलेला अहवाल सापडला. सापडला तो सकाळी साडेआठला, दुसऱ्यांदा वाचताना. पहिल्या वाचनात मी त्यातला एक अनुस्वार सुधारून पुढे गेले होते. म्हणून यंत्राचा खर्डा मी आता आठच्या आत उघडतच नाही. पहाटे स्वतः लिहावं, दुसऱ्याचं तपासायचं ते उजेडात. मला हा नियम कुणी घालून दिलेला नाही, पण कंपन्यांनी तो घालून द्यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

घड्याळाचा फटका मात्र मला एकदाच बसला, मार्चमध्ये. न्यूयॉर्कच्या ग्राहकाला मजकूर त्यांच्या रात्री आठपर्यंत हवा असतो, म्हणजे सकाळी त्यांची माणसं कामावर येतील तेव्हा तयार. हिवाळ्यात ही वेळ माझ्या घड्याळात सकाळी साडेसहाची. बातमीपत्र सहाला, हे साडेसहाला, छान बसलं होतं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. मला हे ऐकून माहीत होतं, पण वहीत वेळ मी आकड्यात लिहून ठेवली होती: 6:30. सोमवारी सव्वासहाला मजकूर अपलोड करायला गेले तर तिकडे पावणेनऊ वाजले होते आणि तीन संदेश येऊन पडले होते. त्या आठवड्यापासून त्यांची वेळ साडेपाचला आली, बातमीपत्राच्या ऐन गर्दीत. उपाय साधाच निघाला. त्यांचा मजकूर आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत लिहून ठेवायचा आणि पहाटे फक्त एकदा वाचून पाठवायचा. आज माझ्या लॅपटॉपवर दोन घड्याळं आहेत आणि वहीत कुठेही नुसती वेळ लिहिलेली नसते, शेजारी शहराचं नाव असतं.

आता संध्याकाळ.

साडेतीनला उठायचं आणि सात तास झोपायचं, तर साडेआठला डोळा लागायला हवा. बहुतेक प्रौढ माणसांना किमान सात तास झोप लागते. मला वाटलं, दमलेलं शरीर आपोआप झोपेल. झालं उलटं. साडेसातपर्यंत डोळे मिटत असायचे आणि आठ वाजता अंथरुणाला पाठ टेकली की टक्क जाग. महिनाभर मी स्वतःला दोष देत राहिले. मग वाचनात आलं की नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीर सगळ्यात सतर्क असतं. पेरेट्झ लावी या संशोधकाने 1980च्या दशकात त्या काळाला झोपेचा निषिद्ध पट्टा म्हटलं होतं. मी वर्षानुवर्षं अकराला झोपणारी बाई, त्यामुळे आठ ते दहा हा नेमका माझा निषिद्ध पट्टा. आपल्या पेशीपेशीत घड्याळ असतं. ते कसं चालतं हे फळमाश्यांवर काम करून उलगडलं म्हणून हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना 2017 साली नोबेल मिळालं. ते घड्याळ नोकरीच्या करारावर सही करत नाही. ते सरकतं ते उजेडाने, आणि तेही हळूहळू. संध्याकाळचा उजेड त्याला मागे ढकलतो, सकाळचा पुढे ओढतो.

मग मी संध्याकाळ मोडली आणि नव्याने लावली. साडेसहानंतर घरातले मोठे दिवे बंद, एकच पिवळा. फोन सातला दुसऱ्या खोलीत. कॅफीनची शेवटची मात्रा सकाळी दहाला, कारण त्यातलं निम्मं शरीरात पाचेक तास रेंगाळतं आणि उरलेलं निम्मं त्यानंतरही. काम संपलं की उन्हात अर्धा तास चालणं. आणि रविवारी सुद्धा पाचच्या पुढे झोपायचं नाही. हे शेवटचं फार कठीण गेलं. पण दोन दिवस आठपर्यंत झोपलं की सोमवारची पहाट दुसऱ्या खंडातून प्रवास करून आल्यासारखी जायची. दोन महिन्यांत झोप सव्वानऊवर आली, पुढे पावणेनऊवर. साडेआठ कधीच झाले नाहीत.

या मांडणीत घरचं मात्र बरंच मोडलं. नवरा आठला घरी येतो. आमचं बोलणं वीस मिनिटांत आटोपायला लागलं आणि त्यातही मी घड्याळाकडे बघत असायचे. मैत्रिणींनी बोलवायचं थांबवलं. त्यांचा दोष नव्हता, चार वेळा मीच नाही म्हटलं होतं. आणि मुलगी. तिला झोपवताना गोष्ट सांगायचा शिरस्ता होता. गोष्ट सांगता सांगता माझीच जीभ जड व्हायची आणि वाक्य अर्धवट राहायचं. एका रात्री ती मला हलवून म्हणाली, "आई, राक्षस दारात उभा आहे गं. पुढे काय?" मला आठवेना. ती म्हणाली, "असू दे. तू झोप." आणि तिने माझ्या अंगावर पांघरूण ओढलं. ती सात वर्षांची होती. मी दुसऱ्या दिवशी पहाटे बातमीपत्र लिहिलं, वेळेत दिलं, आणि मग बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले.

त्या आठवड्यात मी डेस्कप्रमुखांना फोन केला. राजीनाम्याचा विचार घोळत होता. त्या म्हणाल्या, "अगं, तू बातमीपत्र सोडून बाकी काय काय करतेस ते एकदा नीट लिहून दे मला." मी लिहून दिलं, वेळांसकट. त्यात दिसलं की पहाटेची खरी गरज फक्त बातमीपत्राला आहे. मोठा लेख कधीही लिहिता येतो, ग्राहकाचा मजकूर आदल्या दिवशी होतो. मला आणि आणखी एका सहकाऱ्याला आठवडा वाटून दिला गेला: तीन पहाटा माझ्या, तीन त्याच्या. उरलेल्या दिवशी मी सातला बसते. तीन पहाटा सलग ठेवाव्यात हा आग्रह माझा होता, कारण एक दिवसाआड शिफ्ट बदलली तर शरीराला कुठलीच वेळ आपली वाटत नाही. सलग तीन असल्या तरी शेवटी थोडी ओढाताण होतेच. पगार जरा कमी झाला, पहाटेचा भत्ता निम्म्यावर आला. घरी बसून हिशेब केला आणि आम्ही तो पत्करला.

चार महिने झाले या व्यवस्थेला. बुधवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ घरात पूर्ण उजेड असतो आणि मी दहापर्यंत जागी असते. रविवारी संध्याकाळपासून पुन्हा पिवळा दिवा. गोष्टीची वेळ मुलीने स्वतःच बदलून घेतली. माझ्या पहाटेच्या दिवसांत गोष्ट दुपारी अडीचला होते, पडदे ओढून. राक्षस दारातून आत आला, त्याला पाणी हवं होतं, एवढंच निघालं.

पहाटेच्या दिवसांच्या आदल्या संध्याकाळी मी एक चिठ्ठी लिहून लॅपटॉपवर चिकटवते. उद्या पहिली नोंद कुठली, ती कुठून घ्यायची, आणि मोठ्या लेखाचं पहिलं वाक्य अर्धं. पूर्ण नाही. साडेचारला कोऱ्या पानाशी झगडायची माझ्यात ताकद नसते, पण अर्धं वाक्य समोर दिसलं की हात आपोआप ते पुरं करायला जातात. विषय ठरवणं, क्रम लावणं, काय गाळायचं ते ठरवणं, हे सगळं संध्याकाळी सातच्या आत होतं. पहाटे उरतं ते फक्त लिहिणं.

आज मंगळवार आहे. या आठवड्यातली माझी शेवटची पहाट उद्या. सात वाजायला आलेत, दिवा पिवळा आहे आणि चिठ्ठी अजून लिहायची आहे.